नरहरी : एका नावाची हकीकत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मी काही अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि सदतीस वर्षं बँकेत कारकून. आयुष्य आकड्यांत आणि नावांत गेलं. आकडे विसरलो, नावं मात्र लक्षात राहिली. त्यातल्या एका नावाबद्दल आज लिहितो आहे. ते नाव म्हणजे नरहरी. हे माझ्या वडिलांचं नाव, आणि आपल्या दुसऱ्या दत्तावताराचं, श्रीनृसिंह सरस्वती स्वामी महाराजांचं, पाळण्यातलं नाव. आज हे नाव मुलाला ठेवणारं घर शोधूनही सापडायचं नाही. ते आलं कुठून, एके काळी घरोघर कसं होतं आणि आता कुठे गेलं, एवढंच या लेखात मांडायचं आहे. पण सुरुवात एका चुकीपासून करतो. ती चूक माझी आहे.

काउंटरवरची आजी

साल 1987. मी कृष्णाकाठच्या एका शाखेत बचत खात्यांच्या काउंटरवर होतो. नऊवारीतल्या एक आजी आल्या. मालक जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या खात्यात थोडी रक्कम होती, ती काढायची होती. मी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, ‘‘खातेदाराचं नाव सांगा.’’

आजी गप्प. मी पुन्हा विचारलं. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘वाडीच्या देवाचं नाव आहे बघा त्यांचं.’’

‘‘म्हणजे दत्तात्रय?’’

त्यांनी मान हलवली. ‘‘श्रीपाद?’’ पुन्हा नाही. मागे रांग वाढत होती. शेवटी मी पासबुकच मागून घेतलं. त्यावर ‘नरहरी’ होतं. आणि ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर होतं ‘नरहर’.

एका वेलांटीचा, खरं तर अर्ध्या अक्षराचा फरक. पण बँकेच्या दप्तरात अर्ध्या अक्षरानं माणूस बदलतो. मी त्यांना सांगितलं, ‘‘दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणा.’’ त्या आठ मैलांवरून एसटीनं आल्या होत्या. पुढच्या आठवड्यात प्रतिज्ञापत्र घेऊन आल्या, तर त्यात टंकलेखकानं तिसरंच नाव घातलेलं, ‘नरसिंह’. मी कागद परत केला. नियमानं केला, पण जरा तोऱ्यातच केला. तिसऱ्या खेपेला त्या काउंटरला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘लेकरा, पन्नास वर्षांत त्यांचं नाव मी तोंडानं घेतलं ते उखाण्यात, तेही चारदा. तुमच्या वहीत ‘र’ आहे का ‘री’ आहे, मी कुठून सांगू?’’

त्या दिवशी त्यांचं काम झालं. पण माझ्या घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा हयात होते आणि त्यांचंही नाव नरहरीच होतं. आजींनी ‘वाडीच्या देवाचं नाव’ म्हटलं तेव्हा ते मला ओळखता आलं नाही, याची खरी लाज नंतर वाटली. माझ्याच बापाचं नाव, आणि त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. तो शोधायला मी त्यानंतर सुरुवात केली.

नावाचा अर्थ

आपण बहुतेकजण नरहरी म्हणजे ‘नर अधिक हरी’, म्हणजे माणसाच्या रूपातला विष्णू, असा अर्थ लावतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. संस्कृतात ‘हरि’ या शब्दाला पुष्कळ अर्थ आहेत. अमरकोशात ते एकत्र दिले आहेत. विष्णू तर आहेच, शिवाय इंद्र, चंद्र, सूर्य, वारा, यम, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, अगदी बेडूकसुद्धा. आणि याच यादीत आहे ‘सिंह’. नरहरी या नावात हाच अर्थ मुख्य आहे. नर म्हणजे माणूस, हरि म्हणजे सिंह. नरहरी म्हणजे नरसिंह. खांबातून प्रकट होऊन प्रल्हादाला राखणारा विष्णूचा चौथा अवतार.

म्हणजे नरहरी, नरसिंह, नृसिंह ही तीन वेगळी नावं नव्हेत, एकाच नावाची तीन रूपं आहेत. त्या बिचाऱ्या टंकलेखकानं ‘नरसिंह’ लिहिलं होतं, ते अर्थाच्या दृष्टीनं अगदी बरोबर होतं! मी मात्र कागद परत केला.

प्रवचनकार आणखी एक अर्थ सांगतात. नराचे पाप, ताप, दैन्य हरण करतो तो नरहरी. व्याकरणाच्या बाजूनं पहिला अर्थ जवळचा, भक्तीच्या बाजूनं दुसरा. दोन्ही ध्यानात ठेवावेत, कारण पुढे दोन्ही लागणार आहेत.

लिहिण्याबद्दल थोडं. संस्कृतात शेवटची वेलांटी ऱ्हस्व, ‘नरहरि’. जुन्या मराठी कागदांत तसंच सापडतं. आजच्या शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहायचा, म्हणून ‘नरहरी’. आणि बोलताना शेवटचा इकार झिजला की राहतं ‘नरहर’. तीनही बरोबर, पण एकाच माणसाच्या तीन कागदांवर ही तीन रूपं आली की घोटाळा ठरलेला.

कारंज्याचा नरहरी

आता मूळ ठिकाणी येऊ. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्राचा अकरावा अध्याय आपण सगळ्यांनी सप्ताहात वाचलेला असतो. पण नावाकडे लक्ष ठेवून तो एकदा पुन्हा वाचावा.

वऱ्हाडातलं कारंजा, आजच्या वाशीम जिल्ह्यातलं. माधव आणि अंबा हे जोडपं. घरात शिवाची उपासना, प्रदोषव्रत. अंबेला मुलगा झाला आणि जन्मताच त्याच्या मुखातून ॐकार निघाला. ज्योतिषांनी भविष्य सांगितलं की हा मुलगा जगाचा गुरू होईल. त्याचं जन्मनाव ठेवलं शाळिग्रामदेव, आणि हाक मारायचं नाव ठेवलं नरहरी.

इथे दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की एकाच मुलाला दोन नावं आहेत. एक विधीचं, एक व्यवहाराचं. शाळिग्राम म्हणजे गंडकी नदीत मिळणारी काळी शिळा, विष्णूचं प्रतीक. नरहरीही विष्णूचंच. दुसरी गोष्ट अशी की घर शिवभक्ताचं, आणि मुलाची दोन्ही नावं विष्णूची. ज्या दैवतात ब्रह्मा, विष्णू, महेश वेगळे उरत नाहीत, त्याच्या अवताराचं बारसं असंच व्हायचं!

पुढची कथा आपल्याला पाठ आहे. मुलगा ॐकारापलीकडे काही बोलेना. आईवडिलांनी उपाय केले, देवाची आराधना केली, रविवारी पिंपळाच्या पानावर जेवू घातलं. सात वर्षं अशी गेली. मुलानं खुणेनं सांगितलं की मुंज करा, मग बोलेन. मुंज लागली. आईनं पहिली भिक्षा घातली आणि मुलाच्या तोंडून ऋग्वेद सुरू झाला, दुसऱ्या भिक्षेला यजुर्वेद, तिसऱ्या भिक्षेला सामवेद. ज्या आईनं सात वर्षं एका शब्दाची वाट पाहिली, तिला एकदम तीन वेद ऐकायला मिळाले. आणि लगेच तिला कळलं की हा मुलगा आता घरी राहायचा नाही.

बारावा अध्याय या आईच्या दुःखाचा आहे. मुलानं तिला मागच्या जन्मीची, श्रीपाद श्रीवल्लभांची आठवण दिली आणि तिची समजूत घातली. तिला आणखी मुलं होईपर्यंत घरी राहिला. जुळे मुलगे झाल्यावर मात्र निघाला. काशीला वृद्ध कृष्णसरस्वतींकडून त्यानं संन्यास घेतला.

आईनं ठेवलेलं नाव कुठे गेलं?

संन्यास म्हणजे पूर्वाश्रमाचं सगळं सोडणं. शेंडी, जानवं, गोत्र, घर, नाव, सगळं. संन्यासी स्वतःचं श्राद्ध स्वतः करतो. कारंज्याचा नरहरी तिथे संपला आणि नवं नाव मिळालं नृसिंह सरस्वती. सरस्वती ही दशनामी परंपरेतली एक शाखा. आणि नृसिंह?

वर अर्थ पाहिलाच आहे. नृ म्हणजे नर, आणि हरि म्हणजे सिंह. नृसिंह म्हणजे नरहरीच! अंबेनं पाळण्यात ठेवलेलं नाव संन्यासातसुद्धा सुटलं नाही. शब्द बदलला, अर्थ तोच राहिला. मला हे ज्या दिवशी ध्यानात आलं, त्या दिवशी मी पोथी मिटून बराच वेळ बसून होतो. एवढी वर्षं पारायणं केली आणि हे दिसलं नव्हतं.

तिथून पुढे या नावाचा प्रवास पाहा. महाराज तीर्थयात्रा करून परतले, कारंज्याला येऊन आईवडिलांना भेटले. परळी वैजनाथ, भिलवडीजवळचं औदुंबर असं करत कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आले आणि तिथे बारा वर्षं राहिले. निघताना मनोहर पादुका ठेवून गेले. त्या जागेला लोक काय म्हणू लागले? नृसिंहवाडी. आणि बोलताना? नृसिंहाचा झाला नरसू, आदरानं नरसोबा, आणि गाव झालं नरसोबाची वाडी. विठोबा, खंडोबा, म्हसोबा तसाच नरसोबा.

म्हणजे आजींनी बरोबर खूण सांगितली होती. वाडीच्या देवाचं नाव नरहरीच आहे. कारंज्यात आईनं ठेवलेलं नाव, काशीत गुरूनं पालटलेलं नाव आणि कृष्णाकाठच्या शेतकऱ्यानं जिभेवर घोळवून सोपं केलेलं नाव, तिन्ही एकच.

सिंह शांत झाला ते झाड

नरसिंह म्हटलं की उग्र रूप डोळ्यांसमोर येतं आणि ‘असलं नाव बाळाला कशाला’ असं पुष्कळांना वाटतं. त्यांच्यासाठी गुरुचरित्राचा एकोणिसावा अध्याय. औदुंबराला एवढं माहात्म्य का, अशा प्रश्नाला तिथे उत्तर दिलं आहे. हिरण्यकशिपूचं पोट फाडल्यावर त्याच्या पोटातलं विष नरसिंहाच्या नखांत भिनलं आणि नखांची आग आग होऊ लागली. तेव्हा लक्ष्मीनं औदुंबराची फळं आणली. नरसिंहानं त्यांत नखं रोवली आणि दाह शमला. देव प्रसन्न झाला आणि त्या झाडाला वर मिळाला.

दत्तस्थानावर औदुंबर असतोच, पण त्या झाडाच्या सावलीचं मूळ नरसिंहाच्या या कथेत आहे, हे आपण विसरतो. दत्तसंप्रदायातला नरहरी हा औदुंबराखाली निवलेला नरसिंह आहे. प्रल्हादाला मांडीवर घेणारा.

या नावाची माणसं

नरसिंहाची उपासना आपल्याकडे जुनी. नीरा-भीमेच्या संगमावरचं नीरा नरसिंहपूर, सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं कोळे नरसिंहपूर, वाईजवळचं धोम. या दैवतांना कुलदैवत मानणाऱ्या घरांत नरहरी, नरहर, नरसिंह ही नावं पिढ्यान् पिढ्या चालत आली. त्याखाली दत्तसंप्रदायाचा दुसरा झरा मिळाला. वाडीला, गाणगापूरला नवस केला, मूल झालं, नाव नरहरी.

संतांमध्ये पंढरपूरचे नरहरी सोनार सर्वांना ठाऊक आहेत. कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून विठ्ठलाच्या कमरेचं माप घ्यायला गेले. हाताला शंकर लागला, पट्टी काढली तर पुढे विठ्ठल उभा. कारंज्याच्या माधव-अंबेसारखंच हेही शैव घर आणि नाव विष्णूचं. बहुधा या नावाचं कामच दोन्ही देवांचं भांडण मिटवायचं असावं!

महाराष्ट्राबाहेरही हे नाव आहे. मध्वाचार्यांच्या शिष्यांत नरहरितीर्थ होते. ओरिसा-आंध्राच्या बाजूला, श्रीकूर्मम् आणि सिंहाचलमला, त्यांचे उल्लेख असलेले शिलालेख आहेत. बंगालात चैतन्य महाप्रभूंच्या भक्तांत नरहरि सरकार होते. गुजरातेत नरसी मेहता, आणि गांधीजींचे सहकारी नरहरी परीख, 1891 ते 1957. तेलंगणात नरसय्या, तमिळनाडूत नरसिंहन, कर्नाटकात नरसप्पा. पी. व्ही. नरसिंह राव आपल्या रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले होते, त्यांचंही नाव हेच.

आणि मराठीतले मोठे लोक पाहा. केसरीचे संपादक साहित्यसम्राट न. चिं. केळकर (1872–1947), इतिहासकार आणि चरित्रकार न. र. फाटक, स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातले काकासाहेब गाडगीळ (1896–1966), नांदेडचे विचारवंत कुरुंदकर गुरुजी (1932–1982). यांच्यात सारखं काय? केळकर नरसिंह चिंतामण, फाटक नरहर रघुनाथ, गाडगीळ नरहर विष्णू, कुरुंदकर नरहर अंबादास. चौघांचं नाव एकच, पण आपल्या लक्षात येत नाही. कारण केळकर झाले तात्यासाहेब, गाडगीळ झाले काकासाहेब, कुरुंदकर झाले गुरुजी, आणि फाटकांच्या पुस्तकावर उरला नुसता ‘न.’.

नाव मागे का पडलं?

माझ्या मते कारणं अशी आहेत.

1. आद्याक्षरांची पद्धत. वर पाहिलंच. ‘न.’ म्हणजे नारायण की नरहर की नरेंद्र, हे कोण विचारतो? नाव छापलंच गेलं नाही तर ते पुढच्या पिढीच्या कानावर पडत नाही.

2. नाव न घेण्याची रीत. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत होती. पण सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही. मग स्वतःच्या मुलाला ती हाक कशी मारणार? म्हणून मुलगा झाला बाळ, बापू, अण्णा. माझ्या वडिलांना त्यांच्या आईनं जन्मभर अण्णा म्हटलं, आणि माझ्या आईनं ‘अहो’. खरं नाव दोनच ठिकाणी उच्चारलं जायचं, शाळेच्या हजेरीत आणि संकल्पात.

3. लहान नावांची हौस. साठ-सत्तर सालानंतर दोन-तीन अक्षरी, सुटसुटीत नावं आली. मी बँकेत लागलो 1981 साली. तेव्हा खातेदारांत नरहरी बऱ्यापैकी होते, पण सगळे पन्नाशीच्या पुढचे. 2018 साली निवृत्त झालो तोवर लहान मुलांच्या खात्यांत हे नाव माझ्या हाताखालून गेल्याचं मला आठवत नाही. जुनी खाती बंद झाली, नवी उघडली नाहीत.

यात दोष कुणाचाच नाही. मी स्वतः 1986 साली मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव नरहरी ठेवलं नाही. अण्णा हयात होते, म्हणून ते नाव ठेवायचं नाही, असं मी सांगितलं. ते निमित्त होतं. खरं कारण म्हणजे मला ते जुनाट वाटलं. अण्णा काही बोलले नाहीत.

कागदावरचं नाव

अण्णा 1999 साली गेले. शिक्षक होते ते. शाळेच्या दाखल्यावर ‘नरहरि’, निवृत्तिवेतनाच्या पुस्तकावर ‘नरहर’, सातबाऱ्यावर ‘नरसू’. आईला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी एका कचेरीत घेऊन गेलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, ‘‘पतीचं पूर्ण नाव?’’ आई माझ्याकडे बघायला लागली. ‘‘त्यांनाच सांगू द्या,’’ तो म्हणाला. पाच-सहा लोक मागे उभे होते. आईनं खाली बघत अगदी हळू आवाजात नाव घेतलं. ‘नरहरी’. त्यानं कागद पाहिला आणि म्हणाला, ‘‘इथे तर नरहर आहे. प्रतिज्ञापत्र आणा.’’

बारा वर्षांपूर्वी मी त्या आजींना म्हणालो होतो तेच शब्द. त्याच्यावर रागावण्याचं तोंड मला नव्हतं. चार खेपा झाल्या. पहिल्या तीन खेपांना मला त्या आजी आठवल्या. चौथ्यांदा मी वाडीला गेलो आणि पादुकांपुढे क्षमा मागितली. आजींची मागायला हवी होती, पण त्यांचा पत्ता कुठे राहिला होता?

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नेम पाळला. काउंटरवर कुणी म्हातारी बाई आली की तिला मालकाचं नाव विचारायचं नाही. पासबुक मागून घ्यायचं, नाव आपण वाचायचं आणि तिला फक्त मान हलवू द्यायची. नावाची रूपं वेगळी असतील तर पहिल्याच खेपेला सगळं कागदावर लिहून द्यायचं, म्हणजे दुसरी खेप शेवटची ठरते. ही काही मोठी सेवा नव्हे. पण मला जमण्यासारखी तेवढीच होती.

वाचकांसाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो, कारण जुनी नावं असलेल्या घरांत हा प्रश्न हमखास येतो.

1. घरातल्या वडीलधाऱ्यांचे सगळे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून नाव तपासा. आधार, पॅन, पासबुक, सातबारा, पेन्शन. रोमन लिपीतही बघा. नरहरी लिहिताना मधला ‘ए’ काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी नसतो.

2. फरक असेल तर माणूस हयात असतानाच दुरुस्ती करून घ्या. त्यांच्या स्वतःच्या सहीनं होणारं काम मागून वारसांना फार जड जातं. नाव रीतसर बदलायचं असेल तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करण्याची सोय आहे.

3. बँक खात्याला नामनिर्देशन करता येतं. ही सोय 1985 च्या नियमांनी आली. आपल्या खात्यावर नाव लावलेलं आहे का, हे आजच पासबुकावर बघा.

4. मुलाला घरात कितीही नावं असोत, कागदावर एकच आणि एकाच रीतीनं लिहा.

नातवाचं बारसं

चार वर्षांपूर्वी नातू झाला. या वेळी मात्र मी मनाशी ठरवलं होतं. बारशाच्या आधी मुलाला आणि सूनबाईला समोर बसवून वर लिहिलं तेवढं सगळं सांगितलं. कारंजा, काशी, वाडी, औदुंबर. मुलगा ‘हो’ म्हणण्याच्या बेतात होता. सूनबाईनं मन लावून ऐकलं आणि विचारलं, ‘‘बाबा, पण त्या आईचं काय? सात वर्षं मूल बोललं नाही, आणि बोललं ते ‘मी जातो’ म्हणालं. मला ते नाव घेताना रोज तेच आठवेल हो.’’

मी निरुत्तर झालो. एवढा अभ्यास केला तो नावाचा. आईच्या बाजूनं ती कथा मी कधी वाचलीच नव्हती. तिला म्हणालो, ‘‘अगं, पण ते परत आले. कारंज्याला येऊन आईला भेटले.’’ ती म्हणाली, ‘‘तोवर तिनं दिवस कसे काढले असतील?’’ तिच्या मांडीवर अकरा दिवसांचं मूल होतं. मी विषय थांबवला.

रात्री झोप लागेना म्हणून अकरावा अध्याय काढून बसलो. आणि उत्तर तिथेच सापडलं, सुरुवातीलाच. नावं दोन होती. एक विधीचं, एक व्यवहाराचं.

दुसऱ्या दिवशी मी सूनबाईला म्हटलं, ‘‘हाक मारायचं नाव तू ठेव. तुला दिवसातून शंभरदा घ्यायचं आहे, ते तुझ्या मनासारखंच हवं. जन्माच्या दाखल्यावरही तेच एक जाईल, दुसरं काही नाही. मला फक्त कानात सांगायचं नाव दे.’’ ती हसली आणि ‘‘चालेल,’’ म्हणाली.

बारशाला आत्यानं पाळण्यापाशी कुर्रर्र करून तिच्या पसंतीचं नाव जाहीर केलं. त्याआधी मी वाकून नातवाच्या कानात ‘नरहरी’ म्हटलं. माझी आई, नव्वदीची, खुर्चीत बसली होती. तिनं विचारलं, ‘‘काय सांगितलंस रे त्याला?’’ मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘आता मला ते नाव घ्यायला हरकत नाही ना? नातवाचं नाव घ्यायला कुठली आडकाठी?’’ आणि तिनं पाळण्याकडे बघून हाक मारली, चांगली मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

त्यानंतर दीड वर्षानं ती गेली. तोवर नातवाला तिनं दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही, आणि सूनबाईनं तिला कधी अडवलं नाही.

वाचकहो, यंदाच्या दत्तजयंतीनंतर थोड्याच दिवसांत पौष शुद्ध द्वितीया येईल. तो महाराजांचा जन्मदिवस, म्हणजे नरहरीच्या नावाचाही दिवस. आपल्या घरात, वंशावळीत, जुन्या पोथीच्या पुठ्ठ्यावर कुठेतरी एखादा नरहरी असेल. त्या दिवशी त्याचं नाव एकदा मोठ्यानं घ्यावं. आणि वाडीच्या रस्त्यावर फलक दिसला, की अंबेनं ठेवलेलं नाव आपण वाचतो आहोत, एवढं स्मरावं.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥